उरलेला एकच रथ

फार फार वर्षांपूर्वी, अंतर जेव्हा घोड्यांच्या दमावर मोजले जात असे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी आणि थोरांनी ती मनावर घ्यावी.

एका राजधानीत एक रथकार होऊन गेला. त्याचे रथ युद्धासाठी नव्हते, ओझ्यासाठीही नव्हते. ते केवळ धावण्यासाठी होते. दोन माणसांनी सहज उचलावा इतका प्रत्येक रथ हलका. आपली विद्या कोणालाही न देता रथकार मरण पावला, आणि त्याच्या रथांचे भाव चढू लागले. एक रथ आगीत गेला, भाव चढला. एक पुरात गेला, भाव आणखी चढला. अखेरीस दोनच उरले. एक होता एका सरदाराकडे आणि दुसरा त्याच्या बालमित्राकडे. हा बालमित्र म्हणजे गडाचा जुना दुर्गपाल.

पूर्वी हे दोघे रोज सकाळी नदीकाठच्या माळावर रथ पळवीत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घोड्यांना खरारा करायचा, असा त्यांचा रिवाज होता. चिखलाने माखून दोघे परतत, तेव्हा सरदार कोण आणि मोतद्दार कोण, हे ओळखू येत नसे.

भाव चढला आणि सरदाराचे चित्त थाऱ्यावर राहीनासे झाले. आधी त्याने शर्यत सोडली. मग तो रथ केवळ सपाट रस्त्यावर, तोही चालीने, नेऊ लागला. पुढे तेही थांबले. जेवता जेवता तो उठे आणि उष्ट्या हातानेच रथशाळेत डोकावून येई. चाकाजवळून मांजर गेले तरी त्याच्या काळजात धस्स होई. बाजारात कोणी परगावचा व्यापारी दिसला की विचारी, "आज काय म्हणतात रथाला?" उत्तर ऐकून त्याला आनंद होई, पण घर येईपर्यंत त्या आनंदाची काळजी झालेली असे.

"अहो, हा रथ आहे की देव्हारा?" त्याची पत्नी एकदा म्हणाली. "देवालासुद्धा वर्षातून एकदा पालखीतून बाहेर काढतात!"

दुर्गपाल मात्र आपला रथ रोज पिटाळीत असे. दारावरून जाताना तो हाक मारी, "काय रे सरदारा, आजही चाकांना मुहूर्त नाही वाटतं?"

"तुझा आपट एकदा, म्हणजे माझा भाव दुप्पट होईल!" सरदारही हसून उत्तर देई. पहिल्यांदा ती निव्वळ थट्टा होती. पुढे पुढे त्या थट्टेत त्याचे मन गुंतू लागले.

एके सकाळी दुर्गपालाची मुलगी धावत आली. "काका, बाबांचा रथ ओढ्यात उलटला!"

"चाकं फुटली का?" सरदाराच्या तोंडून निघून गेले.

मुलगी म्हणाली, "रथाचा चुरा झाला. बाबांचा पाय मोडलाय, काका, तेही विचारा. टेकडीपलीकडच्या वैद्यबुवांना सूज चढायच्या आत आणायला हवं. तुमच्या रथाइतकं वेगवान इथं दुसरं काही नाही."

सरदार ओशाळला. त्याने स्वतः घोडे जुंपले आणि तो निघाला. वेशीबाहेर वाट दुभंगत होती. डावी वाट टेकडीवरून जाई; ती जवळची, पण दगडगोट्यांची होती. उजवी गुळगुळीत, पण लांबच्या वळशाची होती. घोडे आपणहून डावीकडे वळले. सरदाराने लगाम उजवीकडे खेचला.

"धनी," डावा घोडा म्हणाला, "जवळची वाट ही आहे."

"मला ठाऊक आहे. आता जगात हा एकच रथ उरला आहे. तो खडकावर आपटू?"

"आणि दुर्गपाल जगात किती उरले आहेत?"

"तू आपलं ओढायचं काम कर!"

जाताना तो वळशाने गेला आणि येतानाही वळशानेच आला. वाटभर मित्रासाठी तो घोड्यांना पळा म्हणे आणि खड्डा दिसताच रथासाठी लगाम आवळी.

मित्राच्या घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. सरदाराला पाहताच दुर्गपालाच्या वेदनेने पिळवटलेल्या चेहऱ्यावर हसू आले. "माझ्यासाठी रथ बाहेर काढलास! मला वाटलं होतं, माझ्या तिरडीलासुद्धा तू तो देणार नाहीस."

म्हाताऱ्या वैद्याने पाय चाचपला आणि तो चिडून म्हणाला, "सूज भरली. हाड जुळेल, पण सरळ जुळणार नाही. दुपारी आणलं असतंत तर बसवलं असतं. मी टेकडीकडं बोट दाखवून दमलो, पण या गृहस्थांना रस्त्यातले खड्डेच दिसत होते!"

दुर्गपालाने मित्राकडे पाहिले. मग त्याने विचारले, "रथाला ओरखडा तर नाही ना आला?"

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरदाराला बरे वाटले असते.

पाय वाकडाच जुळला. रथावर उभे राहणे दुर्गपालाला पुन्हा कधी जमले नाही.

पुढे काही दिवसांनी राजाचा निरोप आला: त्या एकमेव रथाच्या बदल्यात नदीकाठचे अख्खे गाव मिळेल. सरदार हर्षाने उठला. पागोटे चढवून, जन्मभराच्या सवयीने, ही बातमी सांगायला तो थेट मित्राच्या दारी गेला. ओसरीवर दुर्गपाल पाय पाटावर ठेवून बसला होता. त्याने मान वर केली नाही. मुलगी दारात आली. एरवी ती "या, काका" म्हणत असे.

"काही काम होतं का?" तिने विचारले.

"नाही," सरदार म्हणाला. "सहज."

आणि तो परतला. त्याचा रथ आता एका गावाच्या मोलाचा होता. पण ते मोल ज्याला सांगावे, असे एकही दार त्याला उरले नव्हते.

तात्पर्य: वस्तूची किंमत जग ठरवते, परंतु तिला जपताना आपण कोणाला खर्ची घालतो, त्यावरून आपली किंमत ठरते.