सगुणेच्या भिंतीवरचे ढालकिडे

खूप जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या, की तेव्हा पाली माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाभोवती करडईची शेतं होती. त्या गावात सगुणा नावाची बाई राहायची. तिच्या घराची स्वच्छता पंचक्रोशीत गाजलेली. तिच्या अंगणात तांदूळ सांडला तर तिथूनच वेचून शिजवावा, असं लोक म्हणत. हे सगुणेलाही माहीत होतं. खरं सांगायचं तर जरा जास्तच माहीत होतं.

तिची एकुलती एक लेक मंजुळा लग्नाची झाली होती. नदीपलीकडच्या गावातलं एक स्थळ सांगून आलं. तो मुलगा मंजुळेने जत्रेत पाहिला होता आणि तिला तो मनापासून आवडला होता. पण त्या मुलखात एक रीत होती. सोयरीक ठरवण्याआधी मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी एक मुक्काम करायचा. तो नीट पार पडला, की मुलीकडच्यांनी मुलाच्या घरी एक करायचा. जेवणात मीठ कळतं आणि मुक्कामात माणूस, असं तिथले जुने लोक म्हणत. मुक्कामात काही खटकलं, तर पाहुणे पाणीही न पिता उठून जात आणि ते स्थळ कायमचं मोडे.

मुक्कामाचा दिवस ठरला. सगुणेने घर सारवलं, भिंतींना चुन्याचा हात दिला. थंडी नुकती पडू लागली होती. दुपारच्या उन्हात पश्चिमेची भिंत छान तापली आणि तिच्यावर एक ढालकिडा येऊन बसला. ढालकिडा म्हणजे तोच, मसुराच्या डाळीएवढा, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. पोरं त्याला बोटावर चढवून घेतात. सगुणेला वाटलं, असू दे एखादा. संध्याकाळपर्यंत पांढरी भिंत लाल झाली होती.

गारठा वाढला तसे ते फटींतून घरात शिरले. वाशांवर, देवळीत, अंथरुणात, ताकाच्या गाडग्यात, जिकडे बघावं तिकडे ढालकिडे. सगुणेचं डोकं फिरलं. तिने केरसुणी उचलली आणि दिसेल तो ठेचायला सुरुवात केली. ढालकिडा दिसायला गोजिरवाणा खरा, पण चिरडला की त्यातून पिवळा रस निघतो आणि त्याचा असा उग्र वास सुटतो, की नाकाला पदर लावावा. नव्या चुन्यावर पिवळे डाग पडले. दुसऱ्या दिवशी पाहते तो किडे आदल्या दिवसाहून जास्त.

मग शेजारणींचे सल्ले सुरू झाले. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. एकीने मिरच्यांची धुरी द्यायला सांगितलं. सगुणेने दिली. घरची माणसं खोकत अंगणात आली, ढालकिडे आढ्यात जाऊन बसले आणि धूर विरल्यावर सावकाश खाली उतरले. दुसरीने फटी लिंपून टाकायला सांगितलं. सगुणेने त्याही लिंपल्या. पण किडे तर आतच होते. बाहेरची वाट बंद झाल्यावर ते माजघरातून थेट देवघरात गेले. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

मुक्काम आता अगदी तोंडावर आला. सगुणेचा नवरा धर्माजी म्हणाला, घरात कुणाला तरी ताप आलाय असा निरोप पाठवू आणि मुक्काम पुढे ढकलू. सगुणेलाही ते अर्धंमुर्धं पटलं. मंजुळा मात्र चुलीपुढे बसून रडायला लागली. मुक्काम टाळणारं घर म्हणजे काहीतरी लपवणारं घर, असं त्या मुलखात समजत, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीचं रडणं सगुणेला बघवेना. ती केरसुणी घेऊन पुन्हा भिंतीकडे धावली.

तेवढ्यात तुळईवरची पाल चुकचुकली. "सगुणे, किती ठेचशील?"

"तू बोलूच नकोस," सगुणा म्हणाली. "इतकी वर्षं माझ्या घरात राहतेस. तू हे खाल्ले असतेस तर माझ्यावर ही वेळ आली नसती."

"एक खाल्ला होता. तोंड अजून कडू आहे," पाल म्हणाली. "त्यांना तुझं धान्य नको आणि तुझी लुगडीही नकोत. थंडीपुरती ऊब हवी. जिथे आपल्या भाऊबंदांचा वास येतो तिथे बाकीचे गोळा होतात, आणि तू एकेक चिरडून तोच वास भिंतीला चोपडते आहेस. बाई गं, तू त्यांना हाकलत नाहीस, आवतण देतेस."

सगुणेने केरसुणी खाली ठेवली. तिला आपलाच राग आला आणि मग लाजही वाटली. तिने हळू आवाजात विचारलं, मग करू तरी काय?

पालीने सांगितलं, ते काही अवघड नव्हतं. पहाटेच्या गारठ्यात ढालकिडे आखडलेले असतात, उडत नाहीत. तेव्हा त्यांना हलक्या हाताने गोळा करायचं आणि दूर कुठेतरी उबेला नेऊन सोडायचं. मग भिंतीचा वास धुऊन काढायचा. फटी बुजवायच्या त्या सगळ्यात शेवटी. आधी बाहेर काढ आणि मग दार लाव, तू नेमकं उलटं केलंस, असं म्हणून पाल पुन्हा आढ्यात गेली.

पहाटे मायलेकी उठल्या. मंजुळेने खाली सूप धरलं आणि सगुणेने जुन्या लुगड्याच्या मऊ बोळ्याने ढालकिडे अलगद त्यात उतरवले. ज्या हाताने चार दिवस ठेचलं, तोच हात आता एकही दुखावू नये म्हणून जपून चालत होता. शेताच्या बांधावर कडब्याची गंजी होती. तिच्या पोटात दोघींनी सुपामागून सूप रिकामं केलं. मग भिंती रिठ्याच्या पाण्याने धुतल्या, फटी नव्याने लिंपल्या आणि पुन्हा चुना दिला. दुपारी ऊन भिंतीवर आलं, पण ढालकिडे आले नाहीत. मंजुळा कितीतरी दिवसांनी हसली.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. मुलाची आई गिरजाबाई मोठी बारीक नजरेची. तिने आल्याआल्या कोनाडे पाहिले, पाट उलटून पाहिले, रांजणात डोकावून पाहिलं. कुठेच काही सापडेना, तसा तिचा चेहरा आणखीच पडत गेला. सगुणेला याचा अर्थ लागेना.

पानं वाढली. गिरजाबाईने पहिला घास उचलला आणि आढ्यातून एक ढालकिडा टपकन तिच्या भातावर पडला.

सगळ्यांचे हात थांबले. धर्माजी घाईघाईने म्हणाला, आत्ताच बाहेरून आला असेल. मंजुळा पुढे झाली. तिने ढालकिड्याला बोटावर चढू दिलं आणि ती त्याला अंगणात सोडून आली. सगुणेचा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याच्या बोलण्याला हो म्हणून टाकावं असं तिला फार वाटलं. पण खोटं बोलून दिलेली लेक किती दिवस सुखाने नांदेल, हेही तिला कळत होतं.

"बाहेरून नाही आला," ती म्हणाली. "घर भरलं होतं यांनी. मी वेड्यासारखे चिरडले, तर दुप्पट झाले. मग गोळा करून बाहेर नेऊन सोडले. हा तेवढा राहिला."

गिरजाबाईने घास खाली ठेवला. "आमच्याकडे तर हे सुपाने आहेत," ती हळूच म्हणाली. "भिंती पिवळ्या झाल्यात आणि वासाने घरात बसवत नाही. मुक्कामाला येऊन तुम्ही ते बघाल, या धास्तीने मी इथे काहीतरी खोट काढून स्थळ मोडायचं ठरवून आले होते. सगळं घर धुंडाळलं. हा पडला तेव्हा म्हटलं, सापडली एकदाची. पण तुम्ही खरं सांगून मोकळ्या झालात. आता मी कोणत्या तोंडाने उठून जाऊ?"

धर्माजीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग सगळेच हसले. गिरजाबाईने दुसरा भात मागून घेतला आणि पोटभर जेवली. हात धुता धुता ती म्हणाली, "विहीणबाई, तुमचं सूप घेऊन माझ्याबरोबर चला."

विहीणबाई हा शब्द ऐकला आणि सगुणेचे डोळे भरून आले. दाराआडून मंजुळेनेही तो ऐकला.

पौषात गावच्या करडईवर मावा पडला. तेव्हा गंजीतले ढालकिडे बाहेर पडले आणि सगुणेच्या शेतातला मावा त्यांनी फस्त केला. माघात मंजुळेचं लग्न झालं.

अडचण चिरडून जात नाही आणि झाकूनही जात नाही. तिला हलक्या हाताने उचलून उजेडात न्यावं लागतं.