चंपिकेचा अंगठा

सुवास्तू नगरात राजा वेणुदत्ताचे राज्य होते, तेव्हा बोधिसत्त्व घरांचे मोल ठरवणारे राजाधिकारी होऊन जन्मले होते. त्यांनी मुद्रा उमटवली की राजकोषातून घर बांधायला कर्ज मिळे.

वेशीबाहेर वीटभट्टीवाल्यांची वस्ती होती. साऱ्या नगराचे वाडे त्यांच्या विटांचे, आणि ते स्वतः गवताच्या खोपटांत! त्यातच राजाच्या डोळ्यांदेखत कोषाध्यक्ष भद्रवसूने आज्ञा काढली की कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जो पक्के घर बांधणार नाही, त्याची जागा राजकोषात जमा होईल.

चंपिका नावाची वीट थापणारी विधवा बोधिसत्त्वांकडे कर्ज मागायला आली. भद्रवसू म्हणाला, "वेशीबाहेरच्यांना कर्ज नाही. यांच्या हातचं काही टिकत नाही. घर कोसळेल, पैसा बुडेल."

"वा रे न्याय!" चंपिका म्हणाली. "कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून जागाही नाही. मग आम्ही राहायचं कुठं, भट्टीत?"

बोधिसत्त्वांच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गेल्यावर भद्रवसू त्यांच्या कानाशी लागला, "वस्ती निकामी म्हणून लिहून टाका. त्याच जागेत तुमचाही वाडा उठेल."

"पाहून लिहीन," एवढेच बोधिसत्त्व म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राजाला आणि चंपिकेला घेऊन त्यांनी भद्रवसूचा वाडा गाठला आणि भिंतीचा गिलावा खरवडला. वीट कुणी थापली ते कळावे म्हणून भट्टीवाले ओल्या विटेवर अंगठा उमटवीत. इथे विटेमागून विटेवर मधोमध चिरलेल्या अंगठ्याचा ठसा होता. चंपिकेने आपला हात पुढे केला. तिच्या अंगठ्यावर तीच चीर होती.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, या हातचं काही टिकत नाही म्हणे. म्हणजे या वाड्याचं मोल शून्य. आणि कोषाध्यक्षांनी तर हाच वाडा तारण ठेवून लाख नाणी उचलली आहेत! ती आजच परत यावीत."

भद्रवसू लगबगीने पुढे आला. "छे छे, महाराज! वाडा भक्कम आहे. शंभर वर्षं हलायचा नाही!"

"ऐकलंत ना, महाराज?" म्हणत बोधिसत्त्वांनी तिथेच चंपिकेच्या अर्जावर मुद्रा उमटवली. राजाने मान खाली घालून जागा जमा करण्याची ती आज्ञा रद्द केली.

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, नवागताला खोली नाकारणारा हा तुमचा ज्येष्ठ सोबती तेव्हा भद्रवसू होता. काल पडवीत भिजत झोपलेला नवा भिक्खू ती चंपिका. मुकाट पाहत राहिलेला विहारपाल तो राजा. मोल ठरवणारा मीच होतो. आपल्याला लावतो तेच माप दुसऱ्याला लावणे, हीच सत्याची परिपूर्णता, सत्यपारमिता."