रिबकाने लावलेली साक्षीची सभा

प्रवरेच्या काठी सोनठाणे नावाचे लहानसे गाव आहे. दीडशे उंबरा, दोन आड, एक देऊळ आणि देवळामागच्या खोपटात शांतवनबाबा. आम्हा ख्रिस्ती मंडळींत प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात, हे आधीच सांगून ठेवतो. बाबा उमेदीत विहिरी खोदत. एकदा दरड कोसळून दीड दिवस तळाशी अडकून पडले आणि वर आले ते प्रभूचे नाव घेतच. तेव्हापासून त्यांनी कुदळ ठेवली आणि वीणा उचलली. पुढची चाळीस वर्षे त्यांनी गावोगाव प्रभू येशूची कीर्तने केली, आणि कुणालाही आपल्या पाया पडू दिले नाही.

बाबांच्या प्रार्थनेने दुखणेकरी उठून बसल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत, आणि त्या सांगणारेही पुष्कळ आहेत. मी सांगतो ती गोष्ट कॉलेजातली आहे आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. गोष्ट बाबांची, पण तिच्यात आमची रिबकाही आहे. अभिमान धरू नये असे बाबा म्हणत. पण रिबकाबद्दल मला अभिमान वाटतो, आणि तो चुका मोजणाऱ्यांनी माझ्या नावावर खुशाल लिहावा.

रिबका पाटोळे सोनठाण्याचीच. तिची आई बालवाडीत खिचडी शिजवायची. बाबांच्या देवळात वाढलेली ही मुलगी वडजाईच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आली, वसतिगृहात राहिली आणि दुसऱ्याच महिन्यात तिने विद्यार्थी संगती सुरू केली. संगती म्हणजे आठवड्यातून एकदा एकत्र बसून बायबलातले वचन वाचायचे, गायचे, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. तिने वसतिगृहाच्या खोल्या पालथ्या घातल्या, दारे ठोठावली, नाही ऐकून घेतले आणि पुन्हा ठोठावली. आम्ही जमलो किती? पाच! पण ती पाच जणांची संगती अशी चालवायची, की पन्नासांची चालवणाऱ्याने येऊन शिकावे. प्रत्येकाने शास्त्रातली एक ओवी, म्हणजे एक वचन, वाचायची आणि तिचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत सांगायचा. उपदेश कुणीही करायचा नाही. ज्याला गाता येत नाही त्यानेच गीताला सुरुवात करायची, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपते. ते काम बहुतेक वेळा माझ्याकडे असे.

बसायला जागा मिळाली ती वनस्पतिशास्त्राची मागची खोली. विभागाच्या कुलथेमॅडमनी रिबकाला किल्ली वापरायची परवानगी दिली होती. त्या खोलीत मॅडमनी तीस वर्षे रानोमाळ हिंडून गोळा केलेल्या, कागदांवर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पती कपाटात रचलेल्या होत्या. मॅडम ख्रिस्ती नव्हत्या. आम्ही येताना आणि जाताना खोली झाडतो, एवढ्यावर त्यांचा आमच्यावर विश्वास बसला होता. कोपऱ्यात एक बेसिन होते. त्याच्या नळाला रोज दुपारी चार वाजता पालिकेचे पाणी यायचे, एरवी तो कोरडा ठाक.

आता दिव्याखालचा अंधार सांगतो. आमची सगळ्यात जास्त टिंगल करणारा मुलगा ख्रिस्तीच होता. नोएल शिनगारे, विद्यार्थी मंडळाचा सचिव. वडील दवाखान्याचे मोठे डॉक्टर, राहायला बंगला, कडक इस्त्रीची पांढरी पँट. देवळात नाताळाला जायचा, तेही फोटोपुरते. खेडवळ मराठीत देवाशी बोलणारी ही मुलगी आपल्याच समाजाची आहे याची त्याला लाज वाटे. कँटीनमध्ये तो आम्हाला "पाच टाळकी आणि एक टाळ" म्हणायचा. रिबकाने एकदा त्याला संगतीला बोलावले, तेव्हा त्याने, तुमच्यात कुणाला धड इंग्रजी येऊ लागले की कळव, असे उत्तर दिले. रिबका म्हणाली, "बरं. तोवर मराठीत ये." आणि ती दुसऱ्या दाराकडे वळली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संगती तीनला संपली. आम्ही खोली झाडली, कुलूप लावले आणि किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली. सोमवारी मॅडमनी दार उघडले, तर खोलीत घोटाभर पाणी. नळ उघडा होता आणि बेसिनमध्ये कागदाचा बोळा अडकला होता. कपाटाच्या खालच्या दोन खणांतल्या वनस्पतींचा लगदा झाला होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्या लगद्यातून एकेक पान उचलून फरशीवर मांडत राहिल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होते.

खोली शेवटची वापरली संगतीने, असे सगळ्यांचे मत पडले. आम्ही नळाला हात लावला नव्हता. पण ऐकतो कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी! प्राचार्य निंबाळकरसर शिस्तीचे माणूस. त्यांनी रिबकाला बोलावून सांगितले, की शनिवारपर्यंत कुणी केले ते सांग, नाहीतर संगती बंद आणि तुझे वसतिगृहातले नावही कमी. वसतिगृह सुटले की कॉलेज सुटले, कारण सोनठाण्याहून रोज येणे शक्यच नव्हते. इकडे कँटीनमध्ये नोएल सांगत होता, "प्रभू पाण्यावर चालला. ह्यांनी कपाटं पोहायला लावली." सगळे हसले. आमच्यातलेही दोघे त्या दिवसापासून दिसेनासे झाले.

गुरुवारी रिबका एसटीने सोनठाण्याला गेली. मी सोबत होतो. बाबा आडाच्या कट्ट्यावर बसून पोहऱ्याचा दोर वळत होते. तिने सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी पिशवीतून एक कागद काढला. प्राचार्यांनी बंद करण्याआधी मीच संगती बंद करते, म्हणजे वसतिगृह तरी राहील, असा अर्ज तिने लिहून आणला होता. रिबकाच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले ते तेवढेच.

बाबांनी दोर खाली ठेवला. "पोरी, ती संगती तुझी हाय व्हय?"

"माझी नाही, बाबा. प्रभूची."

"मंग तू कशी बंद करती? ज्याची हाय त्याला करू दी की."

बाबांनी अर्ज वाचलाही नाही. त्यांनी एवढेच सांगितले, की शनिवारची सभा मोडू नकोस, त्या दिवशी साक्ष ठेव, मी येतो. आणि आम्ही निघताना म्हणाले, "साक्ष देताना दुसऱ्याचं पाप सांगू नगं. आपलं सांग."

साक्ष म्हणजे काय हे आमच्या लोकांना सांगावे लागत नाही. सभेत उभे राहून, मी असा होतो आणि प्रभूने मला असे सावरले, हे मोकळ्या मनाने सांगणे म्हणजे साक्ष. रिबकाने शुक्रवारी सकाळी नोटीसबोर्डावर आपल्या टपोऱ्या अक्षरात कागद लावला: "उद्या दुपारी दोन वाजता वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत साक्ष होईल. ज्याला सांगायचे असेल त्याने न घाबरता सांगावे. विद्यार्थी ख्रिस्ती संगती."

तिच्या डोक्यातही आले नाही, की बाकीच्या जगात साक्ष म्हणजे कोर्टातली! मधल्या सुट्टीपर्यंत कॉलेजभर झाले, की संगतीला साक्षीदार सापडला. संध्याकाळपर्यंत त्या साक्षीदाराने नळ उघडणाऱ्याला डोळ्यांनी पाहिलेही होते. शनिवारी दोनला आम्ही खोलीत गेलो, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. व्हरांड्यात मुले खिडक्यांना लटकलेली. कुलथेमॅडम भिंतीशी उभ्या. निंबाळकरसर स्वतः वही-पेन घेऊन खुर्चीवर बसलेले, आणि आपल्याला न विचारता चौकशी लावली म्हणून त्यांच्या कपाळाला आठ्या. अगदी मागे, बेसिनपाशी नोएल. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण तो का आला हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही.

इतक्यात बाबा आले. धोतर, फेटा, काखेत वीणा, अंगावर एसटीची धूळ. हात धुतल्याशिवाय बाबा पवित्र शास्त्र उघडत नसत. ते सरळ बेसिनकडे गेले आणि त्यांनी नळ फिरवला. नळ कोरडा. कुणीतरी म्हणाले, "बाबा, पाणी चारला येतं." रिबकाने तांब्या आणून त्यांच्या हातावर पाणी घातले. बाबांनी उपरण्याला हात पुसले आणि पुढे येऊन सतरंजीवर बसले. नळ तसाच उघडा राहिला. हे एकट्या नोएलने पाहिले. त्यानेच ते आम्हाला पुढे सांगितले.

गीत झाले. सुरुवात मीच केली, आणि इतक्या लोकांपुढे ती व्हायची तशीच झाली. मग सरांनी पेन उघडून विचारले, "साक्षीदार कोण?"

रिबका उठली. "मीच आहे, सर."

"मग सांग. कोणाला पाहिलंस?"

तेव्हा कुठे तिला घोटाळा कळला. खोलीभर लोक तिच्या तोंडाकडे बघत होते. कुणाचेही नाव घेतले असते तरी त्या दिवशी ते खपले असते. तिने एकदा बाबांकडे पाहिले. बाबा डोळे मिटून बसले होते.

"मी कुणाला पाहिलं नाही, सर," ती म्हणाली. "आमच्यात साक्ष म्हणजे स्वतःचं सांगणं. तर मी माझं सांगते. हा आठवडाभर मी रोज सकाळी गुडघे टेकले आणि प्रभूजवळ नोएलचं वाईट मागितलं. तो आम्हाला हसतो म्हणून. त्याची मान खाली जाऊ दे, असं मागितलं. बाहेर मी संगती चालवते, आणि आत हे चाललं होतं. मॅडम, तुमचं तीस वर्षांचं काम गेलं, त्यासाठी मी एकदाही प्रार्थना केली नाही. नुसती माझ्या वसतिगृहासाठी केली. तुम्ही मला माफ करा. नोएल, तूही मला माफ कर."

एवढे बोलून ती खाली बसली. स्वतःचा जीव टांगणीला लागलेला असताना भरल्या खोलीत असे बोलायला काय लागते, ते ज्याने कधी करून पाहिले आहे त्यालाच कळेल. सरांचे पेन उघडेच राहिले.

आणि त्या शांततेत नळ गुरगुरला. आधी हवा फुसफुसली, मग गढूळ चूळ पडली, आणि मग पाण्याची जाड धार बेसिनमध्ये कोसळून फरशीवर उडू लागली. घड्याळात पावणेतीन! चारच्या आधी त्या नळाला कधी पाणी आल्याचे कॉलेजातल्या शिपायालाही आठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही टाकीवर जाऊन विचारले. पाणी सोडणाऱ्याने शपथेवर सांगितले, की त्याने चावी चारलाच फिरवली, आणि शेजारच्या आळीतला नळ तोवर कोरडाच होता. ज्याला याचा दुसरा अर्थ लावायचा असेल त्याने लावावा. आम्ही प्रभूची स्तुती केली.

खोलीत गलका झाला. पण सगळ्यांच्या आधी नोएलने झेप घेऊन नळ बंद केला. धार थांबली तरी त्याचा हात तोटीवरून निघेना. पाठमोरा उभा राहूनच तो म्हणाला, "मी ठेवला होता उघडा. त्या दिवशी."

मग एकेक बाहेर आले. स्नेहसंमेलनाच्या मांडवासाठी शिडी न्यायला तो ऑफिसातली किल्ली घेऊन सव्वातीनला त्या खोलीत आला होता. हात धुळीने भरले, ते त्याने तिथे पडलेल्या कागदाने पुसले आणि कागद बेसिनमध्ये टाकला. नळ फिरवला, पाणी नव्हते, तो तसाच निघून गेला. सोमवारी त्याला सगळे कळले, आणि तरी तो कँटीनमध्ये हसत राहिला. हे सांगताना त्याने मॅडमकडे पाहिले नाही. त्याला ते जमलेच नाही.

सर ताडकन उठले. आठवडाभराचा राग आता त्यांना योग्य जागी काढायचा होता. तेवढ्यात बाबा म्हणाले, "सायेब, जरा थांबा. आता नळ कुनी उघडा ठेवला, ते इचारा की."

सर गोंधळले.

"म्या ठेवला," बाबा म्हणाले. "आमच्याकडं आड. पोहरा वर आला की पानी थांबतं. फिरवलेलं परत फिरवायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. या पोराकडून जे झालं तेच माझ्याकडून झालं. इसरला म्हनून त्याला शिक्षा करनार आसाल, तर दोघांना करा. दडवलं म्हनून करनार आसाल, तर ते त्यानं आताच सोडलं हाय."

सर हळूहळू खाली बसले. वही मिटून त्यांनी मॅडमकडे पाहिले. मॅडम म्हणाल्या, की शिक्षा माझ्याकडे द्या. जे गेले त्यातले पुष्कळसे अजून डोंगरात उगवते, आणि माझे गुडघे आता डोंगर चढत नाहीत, याचे चढतील. संगती याच खोलीत भरेल, हेही त्यांनी त्याच आवाजात सांगून टाकले, आणि सरांनी मान हलवली. माझ्या शेजारी बसलेल्या रिबकाने श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

नोएल पुढे आला आणि बाबांच्या पायाशी वाकला. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या न्हाई," ते म्हणाले. "आन् तिच्याबी न्हाई. वर बघ."

त्याला प्रार्थना करता येत नव्हती. जन्माने ख्रिस्ती, घरात तीन पिढ्यांचे शास्त्र, आणि तोंडातून शब्द फुटेना. आता बाबा प्रार्थना करतील म्हणून आम्ही सगळे थांबलो. पण बाबांनी रिबकाकडे बोट केले. संगतीची पुढारी ती होती, आणि सोनठाण्याच्या त्या थोर पुरुषाला ते आमच्या आधी ठाऊक होते.

रिबका उभी राहिली आणि आपल्या खेडवळ मराठीत देवाशी बोलू लागली. बेसिनपासून सतरंजीपर्यंत फरशी ओली झाली होती. नोएल शिनगारेने कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीने त्या पाण्यातच गुडघे टेकले आणि मान खाली घातली.