मुथाशेठच्या दारावरची वाट

एकदा एका शहरातल्या एका पेठेत सायकलींच्या वाटेवरून भांडण पेटलं. रस्ता तोच, रुंदी तीच. त्यातूनच एक पट्टा सायकलींना द्यावा, असं पालिकेच्या मनात होतं. वाटून घ्यायचं म्हटलं की आपल्याकडे सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, मग पेठ कशी गप्प बसणार?

या वाटेसाठी हेरंब नावाचा तरुण जिवाचं रान करत होता. शाळेत जाताना त्याच्या मुलीला टेम्पोचा धक्का लागला होता आणि तेव्हापासून तिनं सायकलला हात लावला नव्हता. भांड्यांचे व्यापारी मुथाशेठ मात्र हटून बसले होते. "माझ्या दारावरून वाट गेली तर मी आडवा पडेन," असं ते ज्याला त्याला सांगत. अखेर पालिकेनं कळवलं, की पेठेचं एकमत होत नसेल तर वाट दुसरीकडे नेऊ.

हेरंब आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेला. "गुरुजी, शेठ तुमचा शब्द मोडणार नाहीत. एकदा समजावा त्यांना."

रविवारी सकाळी पेठ जमली आणि गुरुजी आले, ते फक्कीची पिशवी घेऊन. खेळाचं मैदान आखतात ती पांढरी पूड. हेरंबनं हात पुढे केला. गुरुजींनी पिशवी मुथाशेठच्या हातात ठेवली.

"शेठ, वाट तुम्ही आखा."

"गुरुजी, ह्या तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या झाल्या," हेरंब कुजबुजला.

"जरा धीर धर," गुरुजी म्हणाले.

चारचौघांत शेठना नाही म्हणवेना. ते वाकले आणि कोपऱ्यापासून आखू लागले. शिंप्याच्या दुकानापुढून, पिठाच्या गिरणीपुढून रेघ सरळ येत गेली. स्वतःच्या दाराशी मात्र ते थबकले.

"इथं नाही जमायचं. आईला डायलिसिसला नेताना रिक्षा पायरीला लावावी लागते. तिला उचलून बसवताना मागून सायकली सुसाट आल्या, तर मी तिला सांभाळू की त्यांना चुकवू?"

"मग हे आधी का नाही बोललात?" हेरंबनं विचारलं.

"विचारलंत कधी? तुम्ही नकाशा पुढे केलात आणि सही मागितलीत."

शेठनी दारापुढे रिक्षापुरती जागा सोडली आणि तिथून पुढे रेघ पुन्हा सरळ नेली. रिक्षा उभी असेल तेव्हा सायकलींनी थांबायचं, असं सगळ्यांच्या साक्षीनं ठरलं.

परतताना हेरंब म्हणाला, "तुमच्या एका शब्दानं हे काम झालं असतं."

"झालं असतं. शेठ माझ्या मानाखातर गप्प बसले असते, आणि त्यांची आई कुणालाच दिसली नसती. बाळा, ज्याचं जळतं त्याला कळतं. तुझ्या मुलीची धास्ती तुला खरी वाटली आणि शेठची धास्ती हट्ट वाटली. ज्याच्या दारावरून वाट न्यायची, ती आखायचा मान आधी त्याला द्यावा. कुठं दुखतंय ते तो आपणहून दाखवतो."

वाट झाली. मुलीला पुन्हा सायकलवर बसवून हेरंब आपल्या सायकलवरून तिच्या मागून निघाला, तेव्हा शेठच्या दारी रिक्षा उभी होती आणि शेठ आईला उचलून बसवत होते. मुलगी पाय टेकून थांबली. शाळेला उशीर होत होता आणि हेरंबचा अंगठा घंटीवर गेला. मग त्यानं सायकल स्टँडवर लावली आणि आजींना दुसऱ्या बाजूनं धरायला तो पुढे झाला.