जीपभर माणसं

तिसरीची पोरं बावन्नातून सत्तावीस वजा करून हटकून पस्तीस उत्तर काढायची. एकट्या गावितबाईंना कारण सापडेना, म्हणून शाळेचे चारही शिक्षक पोरांच्या पाट्या मांडून सतरंजीवर बसले. बघता बघता दुसरीच्या गुरुजींनी कपाळावर हात मारला. “अहो, ‘मोठ्यातून लहान वजा करा’ हे मीच घोकून घेतलंय! म्हणून पोरं सातातून दोन काढतात!”

तेवढ्यात तपासणीला आलेले धुमाळसाहेब दारातूनच गरजले, “वर्ग बाईंचा ना? मग बाकीचे इथे चकाट्या पिटत कशाला बसलेत? बाईंना नोटीस काढतो!”

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. साहेबांच्या मागे जीपमधून अजून माणसं उतरतच होती.

“साहेब, आमची चूक शोधायला तुम्ही जीपभर माणसं घेऊन आलात, ती तपासणी. आणि ती दुरुस्त करायला आम्ही चौघं एकत्र बसलो, तर त्या चकाट्या?”

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागची माणसं जागच्या जागी थबकली.

बाई सतरंजीवर जरा बाजूला सरकल्या. “चूक आम्हाला सापडलीय. दुरुस्तीला बसणार असाल, तर जागा आहे.”