तीन हजार एकावं डोकं

फार जुनी नाही आणि फार नवीही नाही, अशी ही गोष्ट आहे. डोंगरापलीकडे सात लहान राज्यं होती. त्यांतल्या एका राज्याच्या राजाला शत्रूची नाही, दुष्काळाची नाही, एका भागाकाराची भीती वाटायची.

तो भागाकार असा. दरवर्षी सुगी आटोपली की सम्राटाचा मोजणीदार येई. वर्षभरात राज्यात जे पिकलं, विणलं, घडवलं आणि बाजारात आलं, ते सगळं तो धान्याच्या मापात मांडी. मग तीन दिवस माणसं मोजी. मोजलेल्या प्रत्येकाच्या कपाळावर गेरूचा एक ठिपका लावी. शेवटी त्या मापाला माणसांनी भागलं की येई ते दरडोई उत्पन्न. ज्याचं उत्तर मोठं, ते राज्य श्रीमंत. दरबारात राजे त्याच क्रमाने बसत. पहिला सम्राटाच्या शेजारी आणि सातवा दाराशी, जिथे सगळ्यांचे जोडे काढलेले असत.

आपला राजा सहावा होता. यंदा त्याच्याकडचं माप भरलं नऊ हजार खंडी, आणि माणसं होती तीन हजार. म्हणजे डोईला तीन खंडी. तेवढ्यात बातमी आली की सातव्या राज्याचं उत्तरही यंदा बरोबर तीन आलं आहे. बरोबरी असेतो जुनाच क्रम राही; पण आता एक डोकं जरी जास्त निघालं, तरी आपण जोड्यांत.

राजाला घास गिळवेना. कुठे पाळणा टांगला असं कानावर आलं, तरी तो मनातल्या मनात पुन्हा भागाकार करी. खुद्द राणीचा आठवा महिना सरत आला होता. बाळ मोजणीनंतर येणार म्हणून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

प्रधान हुशार होता, म्हणजे त्याचं गणित चांगलं होतं. तो म्हणाला, “महाराज, वरचा आकडा वाढवायला वर्ष लागतं. खालचा कमी करायला नुसता हुकूम पुरतो. जे बाजारात काही आणत नाहीत, त्यांना तीन दिवस नदीपलीकडे पाहुणे म्हणून पाठवू. सहाशे माणसं कमी झाली, की डोईला पावणेचार खंडी.”

“कुणाला त्रास होणार नाही ना?” राजाने विचारलं.

“तीन दिवसांचा प्रश्न आहे,” प्रधान म्हणाला. हे काही उत्तर नव्हतं, पण राजाला ते चाललं.

प्रधान दारोदार फिरला. प्रत्येकाला एकच प्रश्न होता, “यंदा बाजारात काय आणलंत?” गावाची तऱ्हाच बदलली. खोकणारी माणसं तोंडात पदर कोंबून खोकू लागली. जेवताना भाऊ भावाच्या ताटाकडे बघू लागला. एका म्हाताऱ्याने उगाच चार टोपल्या विणायला घेतल्या, पण बोटं वळेनात.

गावात सुईण एकच होती. अख्खं राज्य तिच्या हातावर जन्मलं होतं, राजासुद्धा.

“शंभर पोरं आणली बाबा,” ती प्रधानाला म्हणाली. “समदी जित्ती हायेत.”

“बाजारात आणलीत का?”

“पोरं कोण बाजारात नेतं?”

“मोबदला काय घेता?”

“खण-नारळ. कुणी दिला तर.”

प्रधानाने तिचं नाव पलीकडच्या यादीत घातलं. तिच्या हाताखाली शिकून तयार झालेली सून अंगावर पाजत होती, यंदा शेतावर गेली नव्हती. तिचंही नाव गेलं.

सहाशे माणसं नावेने पलीकडे गेली. कुणी भांडलं नाही. आपण नुसतं खाणारं तोंड आहोत, हे ज्याला एकदा ऐकवलं जातं, त्याच्यात भांडायचं त्राण उरत नाही.

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी राणीच्या पोटात कळ आली. महिनाभर आधीच.

वैद्याला बोलावलं. त्याच्या गोळ्या बाजारात विकल्या जात, म्हणून तो अलीकडेच राहिला होता. त्याने नाडी पाहिली आणि गोळ्यांची डबी मिटली. “महाराज, मी तापाचा वैद्य. बाळ आडवं असावं असं वाटतं. हे सुईणीचंच काम. आणि उशीर झाला तर दोघंही हाती लागायची नाहीत.”

राजा बाहेर आला तो थेट नदीच्या वाटेला लागला. प्रधान मागे धावला.

“महाराज, घाटावर मोजणीदार बसलाय. नाव पलीकडे गेली की तो विचारणार, तिकडे कोण आहे? सगळं उघडं पडेल. मोजणी सूर्यास्ताला संपते. चार घटकांचा प्रश्न आहे.”

आतून राणीचा आवाज आला. राजाने त्याआधी तसा आवाज कधी ऐकला नव्हता. चार घटका त्याला मोजता येईनात. तो घाट उतरला आणि मोजणीदारासमोरून नावेत जाऊन बसला.

पलीकडच्या काठावर माणसं चुलींपाशी बसली होती. राजाला बघून सुईण उठली.

“आजी,” राजा म्हणाला. “राणीला कळा सुरू झाल्यात.”

“कळा कवापासून?” तिने विचारलं आणि उत्तर ऐकता ऐकताच नावेत पाय टाकला. सुनेलाही हाताला धरून बसवलं. एवढ्यात एका म्हातारीने गाठोडं सोडलं आणि मऊसूत जुनं लुगडं पुढे केलं, बाळाला गुंडाळायला. टोपल्यावाल्या म्हाताऱ्याने कनवटीची सुंठ काढून दिली. कुणी तूप दिलं, कुणी शेकायला ओवा. ज्यांच्याकडे काही नव्हतं, ते हात जोडून उभे राहिले.

राजाने ते सगळं आपल्या उपरण्यात घेतलं. अलीकडे उतरताच तो नावाड्याला म्हणाला, “घाटावरच्या सगळ्या नावा घेऊन परत जा. सगळ्यांना आण. एकालाही तिथे ठेवू नकोस.”

मग मोजणीदाराकडे वळून म्हणाला, “मी सहाशे माणसं लपवली होती. मोजा.”

मोजणीदाराने गेरूची वाटी पुढे ओढली. “धूर मी पहिल्याच दिवशी पाहिला होता,” तो म्हणाला. “पण धूर मोजायचा नियम नाही.”

राजा दाराबाहेर बसून राहिला. आत सुईणीचा आवाज मधूनच चढे, मधूनच उतरे. नावांच्या फेऱ्या चालू होत्या. परत आलेलं प्रत्येक माणूस कपाळावर गेरू घेऊन वाड्यापाशी येई आणि अंगणात बसे. सूर्य डोंगराला टेकायला आला. आवाज थांबला. राजाला वाटलं, आता सगळं संपलं.

आणि बाळ रडलं.

सुईण त्याला त्या जुन्या लुगड्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली. “लेक झाली. राणी बी बरी हाये. तू बी असाच आडवा व्हतास.”

राजा रडला, सगळ्यांसमोर रडला.

मोजणीदार दारात उभा होता. त्याचा हिशेब बरोबर तीन हजारांवर आला होता. तो हळूच राजाला म्हणाला, “सूर्य बुडतोच आहे. बाळ थोडं मागून जन्मलं म्हटलं, तर तुमचा सहावा क्रमांक वाचेल. एवढं मी विसरू शकतो.”

राजाने लेकीकडे पाहिलं. “विसरू नका,” तो म्हणाला. “लिहा.”

मोजणीदाराने गेरूत बोट बुडवलं, पण सुईणीने त्याचा हात बाजूला सारला. स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि बाळाच्या गालावर तीट लावली. “आता मोज,” ती म्हणाली.

त्या वर्षी राजा दरबारात दाराशी बसला. शेजारच्या राजाने हसत विचारलं, “काय हो, यंदा तुमच्याकडे काय कमी झालं?”

“काही नाही,” राजा म्हणाला. “एक वाढलं.” आणि जोड्यांशेजारी बसून तो पहिल्यांदाच पोटभर जेवला.

गोष्टीचं तात्पर्य सांगायचं तर असं: ज्या भागाकारात आपलंच माणूस ओझं ठरतं, त्याचं उत्तर कितीही मोठं आलं तरी हिशेब चुकलेलाच असतो.