शेठच्या भिंतीवरचा राउटर

वीज कडाडली आणि नेत्राच्या घरातला राउटर जळाला. उद्या सकाळी तिची शिक्षिकेच्या नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती, आणि घरात मोबाइलला रेंज नव्हती. नवा मागवला तर यायला आठवडा. उरलं एकच दुकान, पोफळेशेठचं.

शेठ व्यापारी संघाचे अध्यक्ष. समोर गिऱ्हाईक आलं की त्यांना सभाच भरल्यासारखं वाटे.

एक दुरुस्त केलेला राउटर पुढे धरून ते म्हणाले, "जुना म्हणून नाक मुरडू नकोस, पोरी. दुरुस्त होऊन आलेला माल नव्यापेक्षा सरस असतो. नवा एकदाच तपासतात, हा दोनदा तपासलाय."

"मग तिसऱ्यांदा तपासू. लावून दाखवा."

"माझ्या शब्दावर बाजार चालतो. आणि विकलेला माल परत घेत नाही, हेही ऐकून ठेव."

दुकान बंद व्हायची वेळ झाली होती. एवढ्यात तिला शेठच्या मागच्या भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसले.

"काका, तुमचा हा राउटर नवा घेतलाय?"

"अगदी कोरा," शेठ अभिमानाने म्हणाले.

"मग तुम्ही फसलात. असं करू, हा सरस माल तुम्ही भिंतीला लावा. तो साधा नवा मी याच किमतीत नेते."

दुकानातली माणसं हसू लागली. शेठ घाईने म्हणाले, "तो कशाला काढायचा? चांगला चाललाय की."

"मलाही तसाच हवाय, चालताना बघितलेला."

शेठनी हातातला राउटर गल्ल्याखाली सरकवला, आतून दुसरा आणला आणि स्वतःच त्याची वायर जोडली. दिवा हिरवा झाल्यावरच नेत्राने पाकीट उघडलं.